फडक्याखालचा चेहरा

तव्यावर शेवटची भाकरी, शेजारी दूध उतू जायच्या बेतात, आणि दाराची कडी वाजली. गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानंच दार उघडलं. बायनाबाई.

"ताई, तुमी फोनमधी फोटू बनिवता म्हणं. बचत गटाच्या बायका सांगत व्हत्या."

हळदीकुंकवाचं निमंत्रण मी फोनवर केलं होतं, त्याची ही कीर्ती.

बायनाबाई आमच्या नांदूरघाटच्याच. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच दिवाळीनंतर हातात कोयता आला. तेव्हापासून दरसाल सहा महिने नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर, ऊसतोडीला. थोरली मनिषा सतराव्या वर्षी तिकडेच तापानं गेली. येत्या अमावस्येला वर्ष होतंय, आणि पूजेला ठेवायला फोटो नाही. तिची शाळा चौथीत सुटलेली. आधारकार्डावर आहे ती पाच वर्षांची. मोठेपणीचा एकच फोटो, सोबत आणलेल्या आसारामच्या मोबाइलमधला: डोक्यावर उसाची मोळी, आणि उसाच्या पानानं गाल चिरू नये म्हणून तोंडाला गुंडाळलेलं फडकं. नुसते डोळे दिसतात.

"ह्ये फडकं तेवढं काढा," बायनाबाई म्हणाल्या. "खाली तीच हाय."

मलाही वाटलं, जमेल. फोटो माझ्या फोनवर घेऊन एआयच्या अ‍ॅपवर चढवला, 'चेहऱ्यावरचं फडकं काढ' असं लिहिलं. आली एक गोरीपान मुलगी, नाकात नथ, एका हाताला सहा बोटं.

"आगं बया! ही कुण्या पुढाऱ्याची सून धरून आणली?" बायनाबाई चक्क हसल्या.

मी नीट मांडी घालून खाली बसले. 'सावळी' लिहिलं, तर वय चाळिशीचं झालं. 'दागिने नकोत' लिहिलं, तर गळ्यात आणखी एक हार आला. फोटो चेहऱ्यापुरता कापून दिला, तर डोळेच बदलले. मग मी एकेक खूण विचारत गेले.

"नाक?"

"बसकं. बापाचं."

"दात?"

"म्होरचा एक दुसऱ्यावर चढलेला. लई लाजायची त्यापायी."

"तीळ?"

"डाव्या गालावर."

सगळं लिहिलं. दर वेळी नवीच मुलगी यायची, आणि प्रत्येकीचे दात सरळ.

विसाव्या का एकविसाव्या फोटोला मी विचारलं, "तीळ ओठाजवळ होता की वर, कानाकडं?"

बायनाबाईंनी डाव्या गालाला हात लावला. मग उजव्या. "डावाच... न्हाई, थांबा." त्या पुन्हा फोनकडं बघायला लागल्या. "ताई, मलाच आता ह्याच पोरी दिसायल्यात, माझी दिसंना."

मी म्हणाले, "बायनाबाई, याला फडक्याखालचं काही दिसत नाही. हा नुसता अंदाजानं चेहरा काढतोय."

"मंग आदीच कावून न्हाई सांगितलं?"

आवाजात राग नव्हता. मी चहाचं विचारलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. पदर सारखा करून उठल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या.

"एवढं करा, ताई. ह्या समद्या पोरी पुसून टाका. माझ्या म्होरं पुसा."