पन्नास माणसांचा मेजर

माझ्या धाकट्या भावाला बोलता येत नाही असं नाही. येतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन तिथेच ठेचकाळतो. प, ब आणि म ही अक्षरं त्याची हाडवैरी. 'पाणी' म्हणायला तो इतका वेळ लावायचा की तोवर मी पेला भरून त्याच्या हातात दिलेला असायचा. शाळेत त्याला अडकित्ता म्हणायचे. नाव कुणी ठेवलं म्हणाल तर मीच. मी सातवीत होते, तो पहिलीत, आणि मला मैत्रिणींना हसवायचं होतं. नाव इतकं चपखल बसलं की एकदा वर्गाच्या बाईसुद्धा हजेरी घेताना बोलून गेल्या.

घरात तो बाळ्या. हा बाळ्या आता छत्तीस वर्षांचा आहे आणि डोक्यावर मधोमध टक्कल पडायला लागलंय. आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघंच. त्याच्यासाठी मी लग्न केलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दोन स्थळं आली होती आणि दोन्हींकडून नकार आला. पण ते कशाला उगाळत बसायचं.

त्याचं तोंड मीच होते. बँकेत मी बोलायचे, दुकानात मी बोलायचे. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायचे, "याला काय होतंय?" आणि कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय ते मी सांगायचे. न्हाव्याला आधी जाऊन मी बजावून यायचे की बाजूने बारीक करा, वरून जरा राहू द्या. चारचौघांत तो एखाद्या शब्दावर अडला की तो शब्द मी द्यायचे आणि गाडी पुढे ढकलायचे. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मलाही ते पटायचं. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते, दिवसभर माणसांची नावं पुकारते. आवाज खणखणीत आहे माझा. त्यातला थोडा घरी वापरला तर कुणाचं काय गेलं?

बाळ्या काचेच्या दुकानात काच कापतो. नोकरी अर्थातच मी बोलून मिळवलेली. जाड कापड अंथरलेल्या टेबलावर काच ठेवायची, वर पट्टी धरायची, कटरचं टोक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि एका दमात एकच रेघ ओढायची. मध्ये थांबायचं नाही, परत त्याच रेघेवरून फिरवायचं नाही, नाहीतर काच भलतीकडे तडकते. मग काच टेबलाच्या कडेला आणून हलकासा झटका. मालक म्हणायचे, याच्या हातून वर्षात दोन काचा फुटल्या तर खूप झालं. गिऱ्हाइकांशी बोलायला मालक, घरोघर जाऊन खिडक्या बसवायला एक फिटर, आणि आत टेबलापाशी बाळ्या, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग त्याने कॉम्प्युटर घेतला आणि कानाला लावायचा मोठा हेडफोन घेतला. कशाला घेतला ते मी विचारलं. त्याने मापांच्या कागदामागे लिहून दिलं, 'खेळायला.' माझ्याशी तो हल्ली चिठ्ठ्यांवरच बोलायचा. लवकर उरकतं म्हणून मलाही सोयीचं पडायचं. दुकान पाचला बंद होतं, मी लॅबमधून सव्वासातला येते, मधल्या वेळात काय खेळतो ते खेळू दे, असं म्हणून मी सोडून दिलं. रविवारी मी घरी असते, तेव्हा तो त्या खुर्चीकडे फिरकतही नसे.

एके दिवशी लॅबमधलं मशीन बंद पडलं आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी येते तर त्याच्या खोलीत पुरुषाचा आवाज. ठाम, भारदस्त. "पुलाकडे बघू नका. पश्चिमेची भिंत पकडा. मी सांगेपर्यंत बंदूक चालवायची नाही." मला वाटलं, पाहुणे आलेत. ट्रेमध्ये दोन पेले पाणी घेतलं आणि दार ढकललं. आत बाळ्या एकटा, माझ्याकडे पाठ करून बसलेला, आणि तो आवाज त्याच्याच तोंडातून येत होता.

पूल, पश्चिम, पकडा, बंदूक, मी. ज्या अक्षरांसाठी मी तीस वर्षं खस्ता खाल्ल्या, ती सगळी घडाघडा बाहेर पडत होती. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. माझ्या पोटात दुखलं, सरळ सांगते. त्याने मागे वळून बघण्याआधीच मी स्वयंपाकघरात आले आणि दोन्ही पेले मीच प्यायले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकान गाठलं आणि फिटरला बाहेर बोलावलं.

"ताई, तुम्हाला ठाऊक नाही? आमचा मेजर आहे तो," फिटर म्हणाला. "खेळ मीच दाखवला त्याला. मीही असतो त्याच्या तुकडीत."

"कसला मेजर?"

त्याने समजावून सांगितलं. जुन्या महायुद्धाचा खेळ. बर्फ, पडकी गावं, चिखलाचे खंदक. एका बाजूला पन्नास, दुसऱ्या बाजूला पन्नास, आणि प्रत्येक जण आपापल्या घरात बसलेला खराखुरा माणूस.

"बाकीच्या खेळांत माणूस नुसता धावत सुटतो आणि धडाधड गोळ्या झाडतो," तो म्हणाला. "इथे एक गोळी लागली की कारभार आटोपला. शत्रू कुठे आहे ते नकाशावर दिसत नाही, शेजारच्याने तोंडाने सांगितलं तरच कळतं. अर्धा तास चिखलात पालथं पडून राहायचं आणि एकही गोळी न झाडता मरायचं, असंसुद्धा होतं."

"मग त्यात मजा कसली, डोंबलाची?"

"तीच तर मजा, ताई. आपण मेलो तरी कुणाच्या तरी उपयोगी पडतो. मी दिवसभर लोकांच्या खिडक्यांना रबर लावतो, मला कोण विचारतंय? तिथे मी दारूगोळ्याची पेटी वेळेवर नेली नाही तर सहा माणसं अडकून पडतात. आणि नेली की मेजर रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं शाबास म्हणतो. घरी जेवताना आठवतं ते."

"आणि तो अडखळत नाही?"

"एकदाही नाही. बटण दाबून धरलं की आवाज सगळ्यांना जातो, सोडलं की बंद. तो म्हणतो, तिथे तुझ्याशिवाय मला कुणी ओळखत नाही, म्हणून जीभ मोकळी सुटते. तो अडखळतो हे मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही दाखवू नका की तुम्हाला माहीत आहे. तेवढं एकच आहे हो त्याच्यापाशी."

मी मान डोलावली. आणि त्या आठवड्यापासून डोकं दुखतंय, पाठ धरलीय अशा थापा मारून लॅबमधून लवकर निघायला लागले. चपला जिन्यातच काढायच्या आणि त्याच्या दाराला कान लावायचा. खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली. कुठली टेकडी गेली, कुणाची तुकडी उशिरा पोचली, सगळं मला कळायला लागलं. तो लोकांना धीर द्यायचा. विनोदसुद्धा करायचा. "अरे, मेलास तर मेलास, उठून परत ये, आपल्याकडे रजा नाही." माझा भाऊ विनोद करतो हे मला बेचाळिसाव्या वर्षी दाराआडून कळलं.

एकदा लढाई संपल्यावर पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं. मला फक्त बाळ्याचं उत्तर ऐकू आलं. "घरी? नाही रे, मी एकटाच असतो."

स्वच्छ बोलला. कुठेही न अडता. ते ऐकून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की रात्रीची भाजी मी मुद्दाम खारट केली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

मग एका शनिवारी चिठ्ठी आली. 'उद्या चार ते सहा मावशीकडे जाशील? मोठा सामना आहे. आपल्या पूर्ण बाजूचा मेजर मी आहे.' मी म्हटलं, जाते की. रविवारी चारला साडी बदलून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, बाकावर थोडा वेळ बसले आणि परत आले.

उकडत होतं म्हणून त्याने खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं. मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर नदी होती, तिच्यावर पूल, पलीकडे धूर. तो एकेका तुकडीला हुकूम देत होता आणि नकाशावरचे ठिपके त्याच्या शब्दासरशी हलत होते. पन्नास माणसं बाळ्याचं ऐकत होती. मग दोन्हीकडून हल्ला आला. पूल उडवायचा की राखायचा, ते त्याने ठरवायचं होतं. त्याने बटण दाबलं, म्हणाला, "सगळ्यांनी ऐका," आणि थांबला.

आता नीट ऐका. बाळ्या अडतो तेव्हा त्याचा डावा खांदा वर चढतो, मान ताठते आणि डोळे मिटतात. हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. त्या वेळी खांदा खाली होता आणि डोळे नकाशावर होते. तो विचार करत होता. मला ते लख्ख दिसत होतं. तरी मी पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माइकपाशी तोंड नेलं आणि काउंटरवरच्या माझ्या आवाजात म्हणाले, "बोल बाळ्या, घाबरू नकोस. प, प, पूल. म्हण बरं, पूल."

त्याचं बोट बटणावर तसंच राहिलं. हेडफोनमधून कुणीतरी विचारलं, "बाळ्या?" मग हसू फुटलं. "मेजर, आईने हाक मारली वाटतं." त्याला बहुतेक 'मागे या' म्हणायचं होतं. "म... म... म..." खांदा वर चढला. पलीकडून एक जण तसाच म-म-म करायला लागला, मग आणखी दोघं. पडद्यावर त्याची माणसं पटापटा पडत होती. पूल गेला.

"राहू दे रे," मी म्हटलं, "खेळच तर आहे."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढचं फिटरने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाळ्या खेळात परत गेला होता. सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं. सावकाश बोल मेजर, घाई नाही, आम्ही थांबतो, असं म्हणाले. "ताई, हसत होते तोवर बरं होतं," फिटर म्हणाला. बाळ्याचा एक शब्द पुरा होईपर्यंत ते खरंच थांबायचे, आणि थांबता थांबता मरायचे. चार दिवसांनी त्यांनी दुसऱ्याला पुढे केलं आणि बाळ्याला पेट्या वाहायला दिल्या. तेही त्याने एक संध्याकाळ केलं. नंतर कॉम्प्युटरवर जुनी चादर पडली.

"तुम्ही असं का केलंत?" फिटरने मला दुकानाच्या दारातच विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाला अडलेलं मला बघवत नाही. तेव्हापासून तो मला ताई म्हणत नाही.

आणि मग काचा फुटायला लागल्या. बाळ्याचा हात रेघेच्या मध्येच थांबायला लागला. चिठ्ठ्याही बंद झाल्या. मालकांनी बोलावून सांगितलं, कुणाला तरी दाखवा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आमच्या लॅबमधल्या डॉक्टरांनी वाचा सुधारणाऱ्या एका मॅडमचा पत्ता दिला. मीच वेळ घेतली, मीच त्याला घेऊन गेले.

लहानशी खोली होती. भिंतीवर आरसा, टेबलावर चित्रांची पुस्तकं. मॅडम तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी मला आधीच सांगितलं, "ताई, त्यांना बोलू द्या. कितीही वेळ लागू दे." मी तोंडाला कुलूप लावून बसले. दहा मिनिटांत त्याचे चार शब्द झाले. मॅडम जराही चुळबुळल्या नाहीत.

मग त्या म्हणाल्या, "आता एक महत्त्वाचं विचारते. अशी एखादी जागा आहे का, जिथे तुम्ही अडखळत नाही? आधी कधी होती का? थोडा वेळ का होईना? ते कळलं तर आपण तिथूनच सुरुवात करू. अशी माणसं सुधारतात, मी बघितलंय."

बाळ्याने मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. "म... मे... म..." खांदा वर चढला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे गच्च मिटले. मॅडम पेन धरून थांबल्या. मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. तो शब्द मी द्यावा म्हणून. आयुष्यभर मी न मागता दिले, आणि आज तो मागत होता. शब्द माझ्या जिभेवर होता.

"नाही हो मॅडम," मी म्हटलं. "अशी जागा कुठेच नाही. जन्मापासून असाच आहे तो."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. बाळ्याने तोंड मिटलं.