डाव्या बाजूचा खिसा

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या ओसरीवर कागद घेऊन माणसं येतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला आहे. एवढ्या भांडवलावर आसपासच्या चार गावांनी मला या विषयातली जाणकार ठरवून टाकलं आहे. कुणी पोराचा अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म आणतं, कुणी म्हाताऱ्या सासऱ्याचा. चष्मा पुसत मी वाचते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

"बाई, मदतनीस म्हंजे माझं नाव लिव्हायचं का सुनंचं?"

"तुमच्यावाचून ज्याचं रोजचं होत नाही, त्याचे मदतनीस तुम्ही," मी सांगते. "अंघोळ कोण घालतं? त्याचं नाव लिहा."

"आन् टक्केवारी कशाची वो? पायाची का माणसाची?"

हा प्रश्न विचारणारा माणूस मला लगेच आवडायला लागतो. टक्केवारी म्हणजे शरीराचं किती काम थांबलंय याचा डॉक्टरांच्या बोर्डानं मांडलेला हिशेब, आणि चाळीसच्या खाली असेल तर बहुतेक सवलतींचं दार उघडत नाही, एवढं मी समजावते. मग न विसरता एक गोष्ट बजावते. बोर्डापुढे जाताना नटूनथटून जाऊ नका, पाहुण्यांकडे गेल्यासारखं वागू नका, घरात जसे असता तसेच जा. लोक हसतात. मला मात्र हसू येत नाही, कारण तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे पोपटी रंगाचा एक ड्रेस येतो आणि ओसरीवरचे आवाज दूर जायला लागतात.

तो ड्रेस दुष्काळाच्या वर्षातला. मी बारावी झाले होते. आमचं गाव नेकनूरच्या बाजूचं, त्या वर्षी गावातल्या आडांत दगड टाकला तर नुसता दगडाचाच आवाज यायचा. गावच्या दूध संस्थेनं रस्त्याकडेच्या माळावर जनावरांची छावणी घातली होती. वडील घरी टँकरची वाट बघत थांबायचे आणि मी आणि माय, आम्ही दोघी आमची दोन बैलं आणि एक गाय घेऊन छावणीत राहायला गेलो होतो. चार बांबू आणि वर गोणपाट, झालं घर.

छावणीतली दुपार मला अजून स्वप्नात येते. सगळं पांढरं. आभाळ पांढरं, माळ पांढरा, बैलांच्या पाठीसुद्धा धुळीनं पांढऱ्या. शेकडो जनावरं एकदम रवंथ करायची तो आवाज पावसासारखा वाटायचा, आणि मी डोळे मिटून तो पाऊसच आहे असं धरून चालायची. समोरच्या डांबरी रस्त्यावर उन्हाचं पाणी दिसायचं. त्या पाण्यातून बीडची एस.टी. तरंगत यायची, तिला आधी चाकंच नसायची, मग हळूहळू चाकं फुटायची आणि ती आमच्या फाट्यावर थांबायची.

सकाळी संस्थेच्या दूध केंद्रावर मी दुधाची फॅट, म्हणजे त्यातल्या स्निग्धांशाचा आकडा, लिहायला बसायची. केंद्राचे सचिव नात्यानं माझे चुलत मामा होते. दूध कसलं येणार होतं त्या वर्षी, पण येईल तेवढ्याची फॅट लावून नोंद करावीच लागायची. ते आकडा सांगायचे, मी लिहायची. एकदा ते तालुक्याला गेले आणि येताना माझ्यासाठी सवलतींचं एक पातळ पुस्तक घेऊन आले.

"वाच," ते म्हणाले. "तुझ्यासारख्यांसाठी डी.एड.ला राखीव जागा हाय म्हणत्यात. बीडला हॉस्टेल बी हाय."

चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या ढिगावर आडवी पडून मी ते पुस्तक वाचलं, एकदा नाही, दहा वेळा. सहायक साधने. पुनर्वसन. कायमस्वरूपी. तात्पुरते. फेरतपासणी. मला ते शब्द कुठल्यातरी थंड, झाडाझुडपांच्या गावातले वाटायचे. सहायक साधन म्हणजे कुबडी, पायाला बांधायचं कॅलिपर, तीनचाकी सायकल. एवढ्या साध्या वस्तूला इतकं शहाणं नाव असतं याचं मला नवल वाटायचं. तात्पुरते हा शब्द मात्र मी ओळखला. त्या वर्षी छावणी तात्पुरती होती, टँकर तात्पुरता, डोक्यावरचं गोणपाट तात्पुरतं. आमच्याकडे कायमस्वरूपी असं काही होतं तर तो माझा पाय.

पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, किमान चाळीस टक्के. अर्जाला तीन आठवडे उरले होते. माझ्यासाठी एका बिजवराचा निरोपही येऊन पडला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त वडिलांपेक्षा चार वर्षांनी लहान होता. वडील म्हणाले होते, शिकायला जागा मिळाली तर जा, नाहीतर आषाढाआधी उरकून टाकू. म्हणजे माझं सगळं त्या एका दाखल्यावर येऊन बसलं होतं.

आता खिशाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पोलिओचा पाय अंग पेलत नाही. पाऊल टाकताना हातानं मांडी दाबून धरली तरच गुडघा सरळ राहतो. त्यामुळे चालताना माझं अंग दर पावलाला डावीकडे वाकतं आणि हात गुडघ्यावर जातो. मी अकरा-बारा वर्षांची असताना एका लग्नात दोन बायका माझ्याकडे बघून आपसात काहीतरी बोलल्या. दुसऱ्या दिवशी मायनं माझ्या परकराला डाव्या बाजूनं खिसा शिवला. त्यात हात घालायचा आणि आतल्या आत मांडी दाबायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी ऐटीत खिशात हात घालून चाललीय. घरामागच्या बोळात ती माझ्यापुढे उलटी चालत मला शिकवायची.

"खांदा पाडू नको. हळू. घाई कावून करतीस? हां, आसं."

परकर गेले, पंजाबी ड्रेस आले, पण प्रत्येक कपड्याला तो खिसा आला. बाहेर जाताना माय कायम माझ्या डाव्या बाजूनं चालायची, आडोसा करून. घरात मी कशीही चाले, पण मी गुडघ्यावर हात ठेवून चालायला लागले की माय परातीत बघायची, चुलीत बघायची, कुठंही बघायची. माझ्याकडे नाही. मला त्याचा राग यायचा. फार राग यायचा. पण चालायची मी तिनं शिकवलं तशीच, आणि इतकं सवयीचं झालं होतं की माणूस दिसलं रे दिसलं, हात आपोआप खिशात जायचा.

बोर्ड बुधवारी बसायचं. मायनं मंगळवारीच माझे केस पिण्याच्या पाण्यानं धुतले. दुष्काळात हे केवढं होतं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. बुधवारी पोपटी ड्रेस, पावडर, डोक्याला तेल. सरकारी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात आम्ही बसलो. रांगेतली माणसं कुबड्या मांडीवर घेऊन पेंगत होती, आणि मला वाटत होतं की आपण सगळे कुठल्यातरी संथ आगगाडीत बसलोय आणि ती अजून सुटायची आहे.

डॉक्टर दमलेले होते. त्यांनी पायाला टेप लावला, गुडघा वाकवून पाहिला, कागदावर काही लिहिलं आणि म्हणाले, "चालून दाखव."

दारापासून खिडकीपर्यंत सहा-सात पावलं. खिडकीपाशी माय उभी होती. तिनं हनुवटी किंचित खाली केली. खांदा समान ठेव, ही तिची खूण मला बोळातल्या दिवसांपासून पाठ होती. माझा हात खिशात गेला. आणि मी चालले. आयुष्यात इतकं सुंदर मी कधी चालले नव्हते.

"छान चालते की," डॉक्टर म्हणाले.

मायचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

दाखला हातात आला. पस्तीस टक्के.

"किती?" मायनं विचारलं.

"पस्तीस."

"म्हंजे पास की गं!" ती म्हणाली.

तिला पस्तीस हा एकच आकडा माहीत होता. मी दहावीला गणितात काठावर पस्तीस घेऊन सुटले होते आणि तेव्हा तिनं मारुतीला नारळ फोडला होता. स्टँडवर तिनं मला उसाचा रस पाजला. एस.टी.त बसल्यावर ती खिडकीतून बाहेरच्या उजाड रानाकडे बघून एकटीच हसत होती. चाळीस लागतात हे मला तोंडपाठ होतं. पण तिला सांगायला माझी जीभ उचलली नाही. पूर्ण रस्ताभर मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, आणि त्या सोंगातच खरी झोप लागली. झोपेत मी दोन्ही पायांनी पळत होते, आणि मला कुणी बघतही नव्हतं.

छावणीत उतरल्याबरोबर मायनं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. मामांना तर लांबूनच ओरडून सांगितलं, "भाऊ, पोरगी पास झाली!"

"किती फॅट लागली?" मामा हसत म्हणाले आणि दाखला हातात घेऊन त्यांनी तो आकडा दोनदा वाचला.

"ताई, चाळीस पायजेत."

"मग? पाच कमी पडले, तर एवढ्यासाठी..."

"एवढ्यासाठीच न्हाई घेत ते."

माय माझ्याकडे वळली. "तुला ठाव व्हतं?"

मी होकाराची मान हलवली. ती गाईपुढच्या पेंढ्या उगाच सारख्या करत बसली. किती वेळ ते आठवत नाही. उन्हात सगळ्याच गोष्टींना वेळ लागत होता. शेवटी माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू लई चांगली चाललीस, बाई. तिथंच घात झाला."

मामांनी पुस्तक उघडून फेरतपासणीचं पान काढलं. निकाल पटला नाही तर पुन्हा तपासा, असं म्हणता येतं. मी अर्ज लिहिला. पुढचा बुधवार गेला, बोर्ड बसलंच नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी आम्ही पुन्हा त्याच व्हरांड्यात होतो. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. या वेळी मी छावणीतल्याच मळक्या ड्रेसवर गेले होते, पण खिसा त्यालाही होता.

"आत गेल्यावर हात खिशात घालू नको," माय म्हणाली.

"नाही घालणार."

"आत्ता कुठं हाय हात?"

मी खाली बघितलं. खिशात होता. मला कळलंसुद्धा नव्हतं.

मायनं बांगड्यांत अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना काढल्या. गुडघ्यावर वाकून, सगळ्या रांगेदेखत, तिनं त्या खिशाचं तोंड पिनांनी बंद केलं. तिनंच शिवलेला खिसा होता तो, माझ्या वाढत्या उंचीबरोबर वर-खाली केलेला. मला त्या क्षणी तिचा राग येईना, ही माझ्यासाठी नवीनच गोष्ट होती.

डॉक्टर तेच होते. त्यांनी जुना कागद बघितला. "अहो, ही तर व्यवस्थित चालत होती."

आणि माझी माय, जी तलाठ्यापुढेसुद्धा पदर दातांत धरून उभी राहायची, ती एक पाऊल पुढे आली.

"साहेब, ती चोरून चालती. मी शिकवलंय तिला."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली.

"लोकांनी नावं ठिवू नये म्हणून शिकवलं. चूक माझी हाय, तिची न्हाई. आता ती खरी चालंल, बघा तुमी."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं, बाई?"

"तुमी चालून दाखव म्हणलात. तिनं दाखवलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी दारापाशी गेले. हात सवयीनं खिशाकडे गेला, पिना बोटांना लागल्या, आणि मग तो हात उघड्यावर, सगळ्यांसमोर, गुडघ्यावर आला. मी चालले. वाकले, उठले, वाकले, उठले. ती सहा-सात पावलं मला एखाद्या कोरड्या नदीच्या पात्राएवढी लांब वाटली. खिडकीत माय होती. मला वाटलं, आता ती बाहेर बघेल. तिनं बघितलं नाही. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत ती माझ्या पायाकडे बघत होती.

डॉक्टरांनी या वेळी निवांत तपासलं, मला पुन्हा बसवलं, मांडीची ताकद हातानं दाबून पाहिली. पंचावन्न टक्के. कायमस्वरूपी. शुक्रवारी मामांनी माझा अर्ज स्वतः नेऊन दिला, त्या जागेवर मी शिकले आणि आज ज्या शाळेत आहे तिथवर आले. पण हे सगळं नंतरचं.

त्या बुधवारी एस.टी.नं आम्हाला फाट्यावर सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. समोर आख्खी छावणी. चारावाटपाची वेळ, त्यामुळे झाडून सगळी माणसं रस्त्याकडे तोंड करून रांगेत उभी. आठ-नऊ गावांची माणसं, आणि त्यांत बिजवराच्या गावचीही. माझा हात खिशाकडे गेला.

"माय, पिना काढ ना आता," मी म्हणाले.

मायनं रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"राहू दी," ती म्हणाली. "एवढी वर्सं झाली, मी तुला चालताना बघितलंच न्हाई."

मी हात गुडघ्यावर ठेवला आणि निघाले. माय सवयीनं माझ्या डाव्या बाजूला आली होती. दोन पावलं तशी चालली. मग थांबली, माझ्या मागून वळसा घालून आली आणि उजव्या बाजूनं चालायला लागली.