तांड्यावरची पिशवी निघाली हॉलंडला

किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही राजेहो, आमच्या ऑफिसात ते गाजरगवतासारखे आपोआप उगवतात. "लघुउद्योगांना शाश्वत निर्यातीसाठी साहाय्य" असं आमच्या प्रोजेक्टचं नाव. ऑफिस दिग्रसला, बसस्टँडच्या मागं. माणसं दोनच. एक मी, सुधाकर इंगळे, फील्ड ऑफिसर. दुसरा गौतम वानखडे, पॅकिंग अन् पाठवणी पाहणारा. तोवर निर्यात म्हणाल तर शून्य. पण किस्से? कंटेनर भरेल!

आमची सगळी भिस्त जवळच्या एका तांड्यावर होती. तिथल्या बंजारा बाया कवड्या-आरशांचं भरतकाम केलेल्या पिशव्या बनवतात. गटाच्या अध्यक्ष शांताबाई राठोड. हॉलंडच्या एका बाईला या पिशव्यांचे फोटो आवडले होते. ऑर्डर आली तर दिवाळीनंतर या बाया ऊसतोडीला जाणार नव्हत्या. शांताबाईंनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "भिया, मुकादमाची गाडी यायच्या आधी तुमची हॉलंडवाली आली पाह्यजे. नाही तं पोरायची शाळा पुन्ना सुटते."

त्यामुळे आम्ही हसायचो खरं, पण एक डोळा कॅलेंडरवर असायचाच.

*

बायांचं पहिलं ट्रेनिंग यवतमाळला झालं, हॉटेलच्या एसी हॉलात. विषय होता "प्लास्टिकमुक्त व्यवसाय". त्यासाठी पुण्याहून सल्लागार मॅडम आल्या. मागं भलंमोठं फ्लेक्स. प्रत्येकीपुढं पाण्याची सीलबंद बाटली अन् प्लास्टिकची फाइल, ती पण प्लास्टिकच्या पिशवीत!

मॅडम दिवसभर तळमळून बोलल्या. बायांनी माना डोलावल्या. संध्याकाळी पाहतो तर हॉलात एकही बाटली नाही. मॅडमचे डोळे भरून आले. "बघा, जागृती अशी होते!"

चार दिवसांनी शांताबाईंच्या जावेचा, कमळाबाईचा फोन. "साहेब, अजून एक ट्रेनिंग घ्या ना. रॉकेल-तेल भराले बाटल्या कमी पडून राह्यल्या!"

*

मग मॅडमनी ठरवलं, तांड्याचा कार्बन मोजायचा. पुण्याहून नागपूरपर्यंत विमान, नागपूरहून तांड्यापर्यंत एसी गाडी. उतरल्यावर ड्रायव्हरला सांगितलं, "इंजिन चालू ठेव, आत गार राहू दे." अन् मग ओट्यावर बसून प्रश्न सुरू.

"तुम्ही कामाला कशानं येता?"

"पायानं," शांताबाई म्हणाल्या. "त्या दारातून ह्या ओट्यावर."

"वीज किती लागते?"

"ऊन पडते ना बाप्पा!"

"आणि पाणी?"

"आत्ता तुमच्या चहात टाकलं तेवढं."

मॅडम गंभीर झाल्या. महिनाभरानं रिपोर्ट आला. म्हणे, गटात पर्यावरणाची जाण वाढायला भरपूर वाव आहे. त्यासाठी बायांनी विमानानं दिल्लीचा अभ्यासदौरा करावा. सोबत अर्थातच मॅडम! कमळाबाई तेवढ्यावर बॅग भरून बसली होती. दौऱ्याला मंजुरी मिळाली नाही, त्याचा राग तिनं पुढं कितीतरी दिवस माझ्यावर काढला.

*

हॉलंडवालीची एक अट होती, कामाची जागा सुरक्षित पाहिजे. तपासणीला एक साहेब आला, कडक इस्त्रीचा. आता बाया बसतात कडुलिंबाखाली. साहेब झाडाभोवती फिरला अन् म्हणाला, "फायर एक्स्टिंग्विशर कुठाय? बाहेर पडायचे दोन दरवाजे कुठायत?"

"साहेब, चहूकडून उघडं हाय," शांताबाई म्हणाल्या. "दरवाजा लावू कशाले?"

"नियमात दोन लिहिलेत."

वाद कोण घालणार? ऑर्डर पाहिजे होती ना! वानखडेनं लाल सिलेंडर आणून झाडाला टांगला. दोन बाजूंना चार बांबू रोवून "बाहेर जाण्याचा मार्ग" अशा दोन पाट्या लावल्या. साहेबानं दोन्ही पाट्यांखालून वाकून जाऊन पाहिलं, फोटो काढले, पास केलं. जाताना मात्र तो दोन्ही पाट्या सोडून सरळ झाडाच्या बाजूनं निघाला. तशी कमळाबाई ओरडली, "ओ साहेब! भिंतीतून कायले जाता?"

*

पॅकिंगचा किस्सा वानखडेचा. नमुने पाठवायचे, पण प्लास्टिक नको, थर्माकोल नको, अन् पॅकिंगचं सामान इथलंच पाहिजे. वानखडे दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी एकदम उठला. "सर, दिग्रसले राहून आपण येड्यावानी काय शोधून राह्यलो?"

त्यानं खोका कापसानं भरला. शेतातून आलेला, सरकीसकटचा कापूस! पांढराशुभ्र. त्यात पिशव्या अशा निजवल्या की जणू बाळंतिणीची पोरं. मी स्वतः पाठ थोपटली त्याची.

खोका मुंबईला अडकला. पिशव्यांबद्दल कोणाची काहीच तक्रार नव्हती. पण सरकी म्हणजे बियाणं, अन् बियाणं परवान्याशिवाय परदेशी जात नाही. खोका परत आला. वानखडे असा भडकला की विचारू नका. "प्लास्टिक नको, कापूस नको! मंग काय माह्या लग्नातल्या शेरवानीत गुंडाळू?"

शेवटी जुन्या लुगड्यांत गुंडाळून पाठवलं. पिशव्या पोचल्या. हॉलंडवालीनं विचारलं, पिशव्या छानच आहेत, पण ते पॅकिंग केवढ्याला देता?

*

अन् मग तिचा दुसरा मेल आला. काम फार सफाईदार आहे, गिऱ्हाइकाला मशीनचं वाटेल. पुढच्या नमुन्यांत थोड्या मानवी चुका दिसू द्या. प्रत्येक पिशवीवर कारागिराच्या नावाचं लेबल लावा.

मी तांड्यावर जाऊन हे सांगितलं अन् सगळ्या सुया थांबल्या.

"चूक? मुद्दाम?" कमळाबाई माझ्याकडे असं पाहू लागली, जणू मी तिला चोरीच करायला सांगितली. "अन् त्यावर माहं नाव? आमच्यात नवी सून आली की आधी तिचं भरतकाम उलटून पाह्यतात, मंग तोंड. माहेरी कळलं तं काय म्हनतीन?"

एकही बाई तयार होईना. मी गयावया केली, हात जोडले. शेवटी शांताबाई म्हणाल्या, "तुमी जा भिया. आमी पाह्यतो."

नमुने गेले. पंधरवड्यानं मेल आला: "पिशव्या अप्रतिम! विशेषतः सुधाकर या कारागिराचा वाकडा टाका! सगळ्या पिशव्या एकाच व्यक्तीनं केल्या? उद्या व्हिडिओ कॉलवर सुधाकरला काम करताना पाहते आणि ऑर्डर पक्की करते."

मी गाडीला किक मारली ती तांड्यावरच थांबलो. "शांताबाई! हे काय केलं?"

"चूक करा असं कोन म्हनलं?"

"मी."

"मंग चूक कोनाची?"

बरं, लेबल खोटं आहे हे सांगावं तर ऑर्डर गेली. मुकादमाची गाडी परवावर आलेली. काही घरांनी तर भांडी पोत्यात भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली मला बसवलं. मांडीवर कापड, हातात सुई. वानखडेनं मोबाईल धरला. हॉलंडवाली पडद्यावर आली अन् किंचाळली, "पुरुष कारागीर!"

मी टाका घातला. बोटात सुई घुसली. दुसरा टाका कापडातून माझ्या पॅन्टलाच बसला. आरसा तिरपा झाला, कवडी घरंगळली, घाम डोळ्यांत गेला. माझ्यामागं सगळ्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसू दाबत होत्या की देवाचं नाव घेत होत्या, मला अजून माहीत नाही.

हॉलंडवालीनं दोन्ही हात छातीवर ठेवले. अशी निरागस कला तिनं जन्मात पाहिली नव्हती! ऑर्डर पक्की, वर्षभराची. अट एकच, दर खेपेला सुधाकरच्या पिशव्या पाहिजेतच.

फोन बंद झाला. तांड्यावर एकच गलका! कमळाबाईनं पोत्यातली भांडी तिथंच ओतली. शांताबाईंनी डोळे पुसले अन् मुकादमाला फोन लावला. "आमी यंदा येत नाही. दुसऱ्या टोळ्या पाहा."

मग तोच फोन त्यांनी माझ्या हातात दिला.

"घ्या भिया, आता तुमच्या वरच्या साहेबाले लावा. सांगा, तुमीबी येत नाही."