पेटीतला रहाट

बोट श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागत नसे. ती लांब पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, सुपारीची पोती असं सगळं होडीतून तिच्यापर्यंत जायचं. एकोणपन्नास सालच्या दिवाळीनंतर मी मुंबईला निघालो तेव्हा आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून माझी ट्रंक होडीत ठेवत होते. आई वाळूवर होती. धाकटी बहीण यमी मात्र आली नव्हती. मी दोनदा मागे वळून बघितलं तेव्हा आई म्हणाली, "तिची वाट बगू नको. पान्याची पाळी हाय, ती रहाटावर हाय." होडी सुटली. वाडी किनाऱ्याला लागूनच, त्यामुळे वल्ह्यांच्या आवाजातही रहाटाची कुंई बराच वेळ ऐकू येत होती. ती नेमकी कुठे ऐकू येईनाशी झाली, ते मला कळलं नाही.

गावातली तुमची पोरं आता मला पत्रातून विचारतात, रहाट म्हणजे काय? विहिरीवर लाकडी चाक, त्यावर मातीच्या लोट्यांची माळ, आणि गोल फिरणारा बैल. बैलामागे एक माणूस. आमच्याकडे तो माणूस म्हणजे यमी. रहाटाच्या कण्याला आबा कधी तेल घालू देत नसत. शेजारी हसायचे. पण आबा वाडीच्या दुसऱ्या टोकाला सुपारीच्या बुडांना पाणी वळवत असायचे आणि कुंई थांबली की त्यांना तिथे कळायचं, बैल थांबला. यमी बैलामागे फिरत गायची तीही त्याच कुंईला धरून. वेगळा सूर लावायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला मुंबईत गिरगावात एका पेटीच्या दुकानात काम लागलं. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे गावाकडे सांगायला नको. आधी फक्त झाडलोट आणि भात्याला कातडं चिकटवणं. पुढे मालकांच्या लक्षात आलं की याचा कान बरा आहे, आणि त्यांनी हातात कानस दिली. पेटीच्या आत, बोटाने दाबायच्या प्रत्येक पट्टीखाली, पितळेची एक पातळ पट्टी असते. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. जरा जास्त हात पडला की पट्टी वाया. वीस वर्षं मी हेच करतोय. याला ट्यूनिंग म्हणतात आणि आता मलाही तसंच म्हणायची सवय झाली आहे.

या शहराला गाण्याचं वेड होतं, अजूनही आहे. आमच्या गल्लीत इराण्याच्या हॉटेलात लोक चहा निवून जाईपर्यंत रेडिओपाशी बसायचे. हॉलमध्ये गाणं असलं की जितके आत तितकेच बाहेर फुटपाथवर. आणि मे महिना आला की चाळीत घराघरात कोकणातले पाहुणे. आंबे यायचे, सुकट यायची, आणि पावसामुळे बोटी बंद व्हायच्या आत परत जायचं असल्यामुळे सगळ्यांना पंधरा दिवसांत मुंबई उरकायची असायची. मग आमची वरात निघे. राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटीची भेळ. मत्स्यालयात नेलं की आमच्या कोळीवाड्यातल्या बायका काचेला नाक लावून म्हणायच्या, "ह्ये बगायला तिकीट काडलंस व्हय रं?" संध्याकाळी बागेत बँड वाजायचा. पितळी भोंग्यांपुढे आपली माणसं हात जोडून बसायची, देवळात बसल्यासारखी. मी पाहुण्यांना घेऊन इतक्या वेळा गेलो असेन की बँडमास्तर मला ओळखू लागला होता.

पण खरा प्रोग्राम आमच्या चाळीच्या अंगणात असे. त्याला आम्ही पाहुण्यांची बैठक म्हणत असू. शेवटची बोट जायच्या आठवडाभर आधी, उन्हं उतरली की सतरंज्या पडायच्या. नियम एकच. चाळकऱ्यांनी गायचं नाही, फक्त पाहुण्यांनी. प्रत्येक बिऱ्हाडातून एक पाहुणा उभा करायचा. किहीमचे एक मामा दरवर्षी बोटीच्या भोंग्याचा आवाज काढायचे आणि दरवर्षी वन्समोअर घ्यायचे. समोरच्या इमारतीत एक म्हातारे गवई राहत, सगळे त्यांना बुवा म्हणत. ते गॅलरीत खुर्ची टाकून ऐकायचे. खाली कधी उतरत नसत.

त्रेपन्नच्या मे महिन्यात आबा यमीला घेऊन आले. यमी पंधरा वर्षांची. बैठकीत आमच्या बिऱ्हाडातून मी तिलाच उभं केलं. तिने सुरुवात केली आणि पेटीवाला गडबडला. एक पट्टी दाबून बघितली, दुसरी दाबली. तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे होता. पोरं हसायला लागली. यमी गप्प झाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तेवढ्यात वरून बुवांचा आवाज आला, "पेटी बंद करा. तिला गाऊ द्या."

ती गायली. बैलामागे गायची तसंच, मान खाली घालून. तिच्या भोवतीचं अंगण मला दिसेनासं झालं. मला सुपारीच्या बुडाशी साचलेलं पाणी दिसत होतं. गाणं संपलं तेव्हा बुवा जिना उतरून खाली आले होते. त्यांनी आबांना सांगितलं, "मुलगी माझ्याकडे ठेवा. माझी बायको आहे घरात, लेकीसारखी राहील. दोन वर्षांत काय होतं ते बघा." आबांनी आधी यमीकडे बघितलं. मग म्हणाले, "रहाटाला मानूस बगाया पायजे. म्होरल्या उन्हाळ्यात आनतो."

आमच्या आबांनी हो म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. बोटीवर चढताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्ता कुनाला बोलू नको. मी तुज्या आयशीला समजावतो, भावकीला समजावतो. येळ लागंल." बोटीच्या कठड्याला टेकून यमी जशी हसली तशी हसताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही. हे मी आता लिहितो आहे, तेव्हा मला काय माहीत.

आता माझा पराक्रम सांगतो. आमच्या घरी बंद पाकीट आलं की आई रडायला लागायची. पाकिटातून फक्त मयताची नाहीतर कोर्टाची बातमी येते, अशी तिची समजूत. म्हणून आम्ही मुंबईकर घरी नेहमी उघडं कार्डच टाकायचो. तुम्हीही टाकायचात. आणि घरात कुणाला वाचता येत नसल्यामुळे पोस्टमन गावातल्या दुकानाच्या वट्यावर बसून सगळ्यांची कार्डं वाचून दाखवायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी मीच त्या वट्यावर बसून लोकांची कार्डं ऐकलेली. पण श्रावणात बुवांनी यमीसाठी जुना तंबोरा दुरुस्त करून घेतला, आणि मला राहवेना. पाकीट पाठवलं तर आई उगीच घाबरेल, म्हणून मी कार्ड घेतलं आणि बारीक अक्षरात ते गच्च भरून लिहिलं. तंबोरा तयार आहे, यमीला मेमध्ये आणाच, ती गाणं शिकेल, पुढे मोठ्या बैठकीत गाईल, रेडिओवर गाईल. आईला भिववायचं नाही एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

दिवाळीत घरी गेलो तर मला कुणी काही बोललं नाही. आबा जरा कमी बोलत होते, एवढंच. मी आपल्याच नादात. दुकानातून एक कोरी पट्टी आणि कानस नेली होती. तीन दिवस मी विहिरीपाशी बसून कुंई ऐकत पट्टी घासत होतो. यमी बैलामागून विचारायची, "मिळाला का रं दादा?" तिसऱ्या दिवशी मिळाला. पट्टी तोंडाशी धरून फुंकली आणि रहाट आणि पट्टी एक झाले. यमी बैल सोडून धावत आली, आणि वाडीच्या टोकाकडून आबा ओरडले, "थांबला का गं?" आम्ही दोघं हसलो. ती पट्टी मी रुमालात गुंडाळून मुंबईला नेली.

एक मोडकी पेटी मागून घेतली आणि हिवाळाभर, दुकान बंद झाल्यावर तासभर, त्या एका पट्टीवरून बाकीचे सगळे सूर लावले. पुढल्या बैठकीत यमीला कुणी हसणार नव्हतं. मालकांनी वाजवून बघितली आणि म्हणाले, "अरे, हिच्याबरोबर दुसरं कुठलं वाद्य लागणार नाही. हिला गिऱ्हाईक कोण?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे."

फाल्गुनात घरून कार्ड आलं, पोस्टमनच्या अक्षरातलं. यमीचं लग्न ठरलं, सुट्टी काढून ये.

मुलगा आगरदांड्याचा, दिघीहून तरीने खाडी ओलांडून जायचं. भातशेती, माणसं बरी. मांडवात मी आबांना गाठलं आणि तावातावाने विचारलं, तुम्ही शब्द दिला होता ना? आबा माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुजं कार्ड पोस्टमननं वट्यावर वाचलं. समद्या गावानं ऐकलं, पोरगी मुंबईला गानारी व्हनार. दोन स्थळं परत गेली. भावकी दारात यून बसली. मी घरच्यांना बी सांगितलं नव्हतं रं अजून. मी काय करू?"

हळद लागलेली यमी आत चुलीपाशी बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन नुसता उभा राहिलो. तिने वर बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "दादा, पाकीट धाडायचं व्हतंस." तिने मला दुसरा एकही बोल लावला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

बुवांना सांगायला गेलो. ते तंबोऱ्याच्या तारा सैल करत म्हणाले, "असं होतं." मग चहा विचारला. पुढच्या मे महिन्यात ते गॅलरीत बसले नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते नव्हतेच.

मी मात्र दरवर्षी पाहुण्यांची वरात काढत राहिलो. राणीची बाग, बूट, भेळ, मासे, बँड. लोक म्हणायचे, किती हौशी आहे. हौस कसली, घरात बसवत नसे. आबा गेले तेव्हा पावसाळा होता, बोटी बंद. पायवाटा, मोटार आणि तरी करत मी पोचलो तो चौथ्या दिवशी. वाडी चुलतभावाने करायला घेतली. त्याने इंजिन बसवलं. रहाटाचं लाकूड चुलीत गेलं, हे मला कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं. पाणी आता तासाभरात होतं म्हणे. चांगलं झालं. त्या बैलामागे पुन्हा कुणाची लेक फिरायला नको.

लग्नानंतर चौदा-पंधरा वर्षांनी, म्हणजे गेल्याच्या गेल्या मे महिन्यात, यमी पहिल्यांदा पाहुणी म्हणून आली. दोन मुलगे, एक मुलगी. केस पिकायला लागलेले, हातांना भाताच्या कामाचे घट्टे. मी तिला सगळं दाखवलं. बागेतल्या बँडसमोर ती मुलांना मुरमुरे वाटत बसली. बैठकीच्या संध्याकाळी चाळीतल्या म्हाताऱ्यांना आठवण होतीच, त्यांनी तिला आग्रह केला. ती म्हणाली, "मला न्हाय येत काय." तिच्या मुलीने शाळेतली कविता म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी, मुलं बाहेर गेल्यावर, मी माळ्यावरून ती पेटी काढली. चौपन्नपासून ती तिथेच पडून होती, तिच्यावर कधी कुणी गायलंच नव्हतं. फडकं काढलं, भाता हलवला आणि ती एक पट्टी दाबली. घर भरून तो सूर उभा राहिला. मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या तोंडावर काही हललं नाही. म्हणून मीच म्हटलं, "यमे, आपला रहाट."

तिने डोकं एका बाजूला कलतं केलं, लहानपणी करायची तसं. बराच वेळ ऐकलं. मी भाता थांबवला नाही.

"असंल," ती म्हणाली. "मला आता कुटं आठवतंय दादा." आणि उठून मुलांचे कपडे घड्या घालायला लागली. बोट परवाची होती.

तुम्ही जे गावाला राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, ते मला पत्रातून विचारता, घरची आठवण येते का. येते. पण घर कुठे आहे म्हणून विचाराल तर माझ्याकडे माळ्यावर एक पेटी आहे आणि तिच्यात एक पट्टी. पितळ जुनं होतं तसा सूर हलतो. दुसऱ्यांच्या पेट्या मी रोज नीट करतो, कारण त्या कशाला लावायच्या ते मला माहीत असतं. ही मी कशाला लावू? रहाट जळला, आबा गेले, यमीला आठवत नाही. अधूनमधून मी ती पट्टी दाबतो. ती बरोबर आहे की उतरली आहे, हे आता मलाही सांगता येत नाही.