राहिलेली अर्धी धून

पुणतांब्याच्या लग्नात सहादूनं नवरदेवाच्या घोड्यापुढं मयताची धून वाजवली, आणि तीही चांगला शुद्धीवर असताना, मुद्दाम.

त्याचा विचार साधा होता. बँडला येणाऱ्या लग्नाच्या दोन्ही चाली वाजवून वाजवून शिळ्या झाल्या होत्या आणि घोडा काही केल्या मांडवाच्या कमानीखालून जाईना. तिन्ही बॅगपाईपवाल्यांना एकत्र जमेल अशी आणखी एकच धून होती. पलटणीत मेलेल्या जवानाला पोचवताना वाजवतात ती, संथ पावलांची. 'हितं कुनाला कळतंय!' असं मनाशी म्हणत सहादूनं पिशवी काखेत दाबली.

लोकांना धून आवडली. घोडाही निवला आणि मान खाली घालून कमानीखालून गेला. मांडवात पत्रावळ्या मांडत असलेला नवरीचा मामा मात्र हातातला गठ्ठा टाकून ताठ उभा राहिला. टाचा जुळलेल्या, डोक्यावरची टोपी हातात, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामा फौजेतून रिटायर झालेला होता.

"कोन गेलं?" तो ओरडला. "आरं, कोन गेलं ते तरी सांगा!"

मग जो गोंधळ उडाला त्यात धून मध्यावरच तुटली. बँडवाल्यांना न जेवताच टेम्पोत बसवून दिलं.

टेम्पोत मोठा ड्रम मांडीशी धरून बसलेला काकासाहेब हसू दाबत होता.

"मेजर, घोडं मातर तुज्या त्या धुनेनंच हाललं बरं का."

"गप बस."

"बसतो. पर आर्धीच का सोडली? पुढं काय हाय तिच्यात?"

"पुढं जरा वर चढती. मंग हळूच खाली येती."

"मंग ती ऱ्हायलेली माज्या नावावर ठिव. माज्या टायमाला पुरी वाजव. आपला ड्रम संगं पायजे बरं, नुसती पिपानी चालायची न्हाई."

फौजेतून आलेल्या कुणालाही आपल्याकडं मेजरच म्हणतात. सहादू पलटणीच्या बँडमध्ये पाईप वाजवणारा साधा शिपाई होता. पेन्शनीवर घोडेगावला आला तो एक जुना पाईप घेऊन. पुढं हळूहळू आणखी दोन मिळवले आणि जयंतीच्या मिरवणुकीसाठी वस्तीतली पोरं जमवून बँड उभा केला. काकासाहेब वस्तीतला नव्हे. तो जनावरांच्या बाजारात बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवायचा. पहिल्याच जयंतीत ड्रम वाजवणारा ऐनवेळी आला नाही, तेव्हा रंगाचा डबा खाली ठेवून यानं ड्रम गळ्यात घातला, तो पुन्हा काढलाच नाही. ड्रमच्या कडांना त्यानं शिंगांचाच लाल रंग दिला. लोक हसले. हा म्हणाला, "हसा. बाजारात माजाच बैल उठून दिसतुय."

बँडची खरी अडचण शिकवण्यात होती. नवा पोरगा आला की सहादू त्याला आधी ती संथ धूनच शिकवायचा, कारण बोटं बसायला तीच सोपी. लग्नाच्या उड्या मारणाऱ्या चाली नंतर. पण तिथवर पोचेपर्यंत पोरगा निघून जायचा. योगेश साखर कारखान्यात लागला. गोरक्ष भरतीला गेला आणि पास झाला. सहादूनं पेढे वाटले आणि घरी येऊन त्याचा पाईप खुंटीला टांगला. हाताशी बरा आलेला प्रवीण बँजो पार्टीत गेला. तिथं टेम्पोत बसून वाजवायचं, चालायचं नाही, आणि पोरी वळून बघतात.

"सर, तुमचा पाईप बी कर्ण्याला जोडू," जाताना तो म्हणाला.

"आरं, त्यो आपला आपन वरडतो की."

असं करत सहादूचा बँड कायम मयतासाठी तयार आणि लग्नासाठी कच्चा राहिला. पुणतांब्याची गोष्ट गावोगाव पोचल्यावर तर लग्नाच्या सुपाऱ्याच थांबल्या.

पाईपची पिशवी बकऱ्याच्या कातड्याची. रोज फुगवली नाही तर वाळते, तडकते. आतून गुळाचं पाणी आणि गोडंतेल फिरवावं लागतं. वाजवणारे होते तोवर प्रत्येकजण आपापली पिशवी सांभाळायचा. ते गेल्यावर तिन्ही पिशव्या सहादूच रोज दिवे लागायच्या वेळी फुगवू लागला. काकासाहेब ओट्यावर बसून विडी ओढत बघायचा.

"तीन बायका आन् एकला नवरा! कलावैनी, आवं ह्याला आवरा."

"मी चौथी," चुलीपाशी बसलेली कलाबाई म्हणायची. "माज्या वाट्याला फुंकनीच हाय."

पुढं सहादूची छाती भरून येऊ लागली. डॉक्टरनं फुंकायचं बंद सांगितलं. त्यानं दोन पाईप गोरक्षच्या ओळखीनं पलटणीकडं धाडून दिले आणि स्वतःचा तेवढा ट्रंकेत ठेवला. काकासाहेबाला म्हणाला, "तुजी उधारी फेडल्याबिगर ह्यो न्हाई द्यायचा."

"मंग म्या मरायची घाई करू का?"

"बस की निवांत. मला काय घाई न्हाई."

काकासाहेब त्या उन्हाळ्यात गेला. बाजारातून आला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपला.

सहादूनं ट्रंक उघडली. गुळाच्या वासानं उंदीर आत शिरले होते. पिशवीला तळाशी बोट जाईल एवढं भोक. तो तसाच फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं पळाला. त्यानं कातडं घासलं, सोल्युशन लावलं, ट्यूबचं ठिगळ चिकटवलं. "मेजर, दिवसभर तरी दाबून ठिवा," तो म्हणाला. दिवसभर कुठला? तिकडं तिरडी बांधून झाली होती.

योगेशची पाळी चालू होती, त्याला सोडलं नाही. गोरक्ष सरहद्दीवर. प्रवीण तेवढा आला, लग्नाची सुपारी अर्ध्यात टाकून, अंगावर अजून बँजो पार्टीचा चकचकीत शर्ट. आल्या आल्या त्यानं लाल कडांचा ड्रम गळ्यात घातला.

"तुला ड्रम येतो व्हय रं?"

"काकांचं बघून बघून येतो, सर."

विसाव्याला तिरडी टेकली, खांदे बदलले, आणि सहादूनं पिशवी भरली. धून निघाली. प्रवीणचा ड्रम संथ पडू लागला. खांदेकऱ्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांची पावलं आपोआप ड्रमवर पडू लागली. सहादूच्या छातीत कळ येत होती, पण सूर धरून होता. आता धून वर चढणार, तोच काखेत फट्‌ असं झालं. ठिगळ सुटलं. सगळी हवा त्याच्या सदऱ्यात गेली आणि पाईप रेडकासारखा हंबरून बंद पडला.

मागून एकजण हसला, मग लाजून गप्प झाला. प्रवीणनं वळून पाहिलं. सहादूनं मानेनंच त्याला खुणावलं, थांबू नको. पुढचा रस्ता तिरडी नुसत्या ड्रमवर गेली. सहादू मागून रिकामी पिशवी काखेत दाबत चालला होता आणि त्याची बोटं मुक्या नळीवर राहिलेली अर्धी धून वाजवत होती. ती वर चढली, हळूच खाली आली. ऐकू कुणालाच गेली नाही.

"झाली की," रात्री कलाबाई समजूत घालत म्हणाली. "बोटांनी वाजवली न्हवं तुमी?"

"त्यो न्हाई मानायचा. वळखत न्हाई का म्या त्याला!"

पुढं सहादूनं नवं कातडं बसवून घेतलं. आता पिशवी हवा धरते. डॉक्टरला न सांगता तो ती रोज थोडी फुगवतो. ओढ्याकाठी, जिथं काकासाहेबाला ठेवलं तिथं, एकदा पुरी धून वाजवायची, ड्रमसकट, एवढंच राहिलंय. प्रवीणला निरोप गेला आहे. "लग्नसराई संपू द्या सर, येतोच," असं तो म्हणाला होता. ती लग्नसराई संपली, मग दुसरी आली. ड्रम अजून काकासाहेबाच्या ओसरीत आडवा पडलेला आहे. त्याच्यावर त्याची सून डाळ वाळत घालते.