काही झालं तरची जागा

आमच्या ह्यांच्या तोंडाला एक वाक्य चिकटलं होतं, ‘काही झालं तर’. सरावलीला भाड्याच्या दीड खोलीत आम्ही चौघं राहायचो, मी, हे, मुलगी आणि मुलगा. हे बोईसरला एका केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर. कुठल्याशा लांबच्या शहरात गॅसनं झोपेतली माणसं गेल्याची बातमी आली आणि त्या हिवाळ्यापासून ह्यांनी ते वाक्य धरलं. काही झालं तर पोरांना घेऊन जायला एक जागा पाहिजे. लांब पाहिजे, पण सायकलनं गाठता आली पाहिजे.

मग काय, दर रविवारी सायकल काढायची आणि जागा बघायला निघायचं. लोक जागा बघताना रस्ता बघतात, लाइट बघतात, बाजार किती लांब ते बघतात. हे बघायचे वारा. कारखान्यात वारा कुठून येतोय ते कळायला खांबावर कापडी पिशवी लावलेली असते, तसं ह्यांनी माझ्या जुन्या परकराची लांब पट्टी फाडली आणि बांबूला बांधून माळावर उभी केली. माझा परकर माळावर फडफडतोय आणि गुराखी बघतायत! मी म्हटलं, “अहो, लाज वाटते का काही?” तर म्हणतात, “रंग चांगला आहे, लांबून दिसतो.”

एक जागा समुद्राचा वारा कारखान्यांवरून सरळ तिथं येतो म्हणून बाद. दुसरीची विहीर वैशाखात आटते. तिसरीच्या वाटेत ओढा, पावसाळ्यात काही झालं तर? शेवटी बेटेगावच्याही पुढे, डोंगराच्या आडोशाला एक तुकडा पसंत पडला. किनाऱ्याकडच्या एका वाडीवाल्यानं गवताच्या व्यापारासाठी तिथं दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं होतं. त्याचा धंदा बसला, त्यानं विकायला काढलं. माझ्या माहेरच्या पाटल्या त्यात गेल्या.

घर घेतल्यावर एकदा मी तिथं गेले. वाळक्या गवताचा वास, दारात करवंदीची जाळी, आणि हे त्या घराच्या भिंतीवरून असा हात फिरवत होते की मला बघवेना. आमच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आले होते, तिथं कधी फिरला होता हा हात? त्या दिवशी सांगितलं, “मी पुन्हा इथं पाऊल टाकणार नाही.” आणि बरीच वर्षं टाकलं नाही.

सवत बरी हो. सवतीला निदान तोंड असतं, तिच्याशी भांडता येतं. या घराशी काय भांडायचं? चांगलं ते सगळं तिकडे जायला लागलं. नवा स्टोव्ह आणला, मी हरखले, तर रविवारी सायकलला बांधून तो तिकडे. नव्या सोलापुरी चादरी आल्या, त्या तिकडे ट्रंकेत. इथं पोरगी विटलेल्या गोधडीतून पाय बाहेर काढून झोपायची आणि तिकडे ज्या घरात कुत्रं झोपत नाही तिथं नव्या चादरी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात समोरची शेजारीण. तिचा नवरा त्याच भागात एका रंगाच्या कारखान्यात क्लार्क. तिच्याकडे मिक्सर आला, मग टीव्ही आला, मग स्कूटर. मी पाट्यावर चटणी वाटायला बसले की तिकडून मिक्सरचा घुर्र आवाज यायचा आणि माझा वरवंटा आपोआप जोरात चालायचा. ती वर विचारणार, “वहिनी, तुमची ती डोंगरातली जागा काय म्हणते?” मी म्हणायची, “खातेपिते, मजेत आहे.”

आणि मग एका दुपारी खरंच झालं.

हे दुसऱ्या पाळीला गेले होते. मी तांदूळ निवडत होते, तेवढ्यात भोंगा वाजला, आणि तो पाळीचा भोंगा नव्हता, थांबेचना. मग कुजक्या लसणासारखा वास आला. गल्लीत एकच ओरडा, “गॅस लीक हुआ, भागो!” कुठल्या कारखान्यात ते एकानं सांगितलं. ह्यांच्याच.

पोरांच्या तोंडाला ओला पंचा बांधला आणि बाहेर पडले. समोर शेजारणीचा नवरा स्कूटर चालू करून उभा. भोंगा वाजताच टेबल सोडून पळत आला होता म्हणे. दोन पोरं पुढे, बायको मागे, तिचा हात त्याच्या खांद्यावर. गेले सुद्धा. मिक्सर आला, टीव्ही आला तेव्हा जळले नव्हते इतकी मी त्या खांद्यावरच्या हातावर जळले. मेली भाग्याची!

एका टेम्पोवाल्यानं आम्हाला बेटेगावच्या पुढे सोडलं. तिथून चालत. वाटेत पोरगा सारखा विचारत होता, “बाबा तिकडेच येणार ना?” मी म्हटलं, “येणार. त्यांचं लाडकं घर आहे, येतील नाही तर कुठं जातील?”

घराजवळच्या पाड्यावर एक म्हातारी राहायची, किल्ली तिच्याकडे असायची. मला ओळख सांगावी लागली नाही. “ये बाय,” म्हणाली, “तुझा नवरा बोलला व्हता, तू नि पोरां येतील.” तिनं दार उघडून दिलं. आत शेणानं सारवलेलं, विहिरीचं पाणी हंड्यात भरलेलं. दर दोन दिवसांनी ती पाणी बदलायची, तसं ह्यांनी सांगून ठेवलं होतं.

मी ट्रंक उघडली. वर चादरी, खाली स्टीलची कोरी ताटं. आमच्या घरातल्या भांड्यांवर सासऱ्यांचं नाव, नाही तर ह्यांचं. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं. माझं नाव घातलेली एक वाटीसुद्धा मी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. आणि इथं पहिल्याच ताटावर माझं नाव. दुसऱ्यावर मुलीचं, तिसऱ्यावर मुलाचं.

चौथं ताट नव्हतं. मी ट्रंक उलटी केली. चादरी तीन, पेले तीन. म्हटलं, बघा, स्वतःचं विसरले, धांदरट मेले.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, “त्याचा नाय त्यात. बोलला व्हता, तसा दिस आला तर मी यायचा नाय, मी कामावर असन. यांना जेवाया घाल.”

मी तीन ताटं परत मोजली. म्हणजे वारा बघितला, विहीर बघितली, परकर फाडला, ते सगळं आम्हा तिघांसाठी. माणसानं एवढी जागा निवडली आणि त्यात स्वतःला धरलंच नाही. मला त्या कारखान्याचा असा संताप आला! इतकी वर्षं मी चुकीच्या सवतीशी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर हे सायकल ढकलत आले. डोळे लालबुंद, आवाज बसलेला. व्हॉल्व्ह बंद करायला ह्यांच्यासकट तिघं आत थांबले होते. पोरं जाऊन बिलगली. मी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि सुटलेच, “तुमचं ताट कुठाय?”

“अगं, मी त्या दिवशी कामावरच असणार ना. पाळी नसली तरी बोलावतील. रिकामं ताट बघून पोरं विचारत बसतील.”

“आणि ताटच नाही हे बघून मी काय करू?”

हे तांब्यातलं पाणी डोळ्यांवर मारायला लागले. माझ्या ताटात मी त्यांना भात वाढला.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः बोईसरच्या भांडीवाल्याकडे जाऊन ह्यांच्या नावाचं ताट घेतलं, नाव ठळक घालून घेतलं, आणि रविवारी सायकलवर मागे बसून ते ट्रंकेत ठेवून आले. हे नुसते हसले. पण त्यानंतर कधीही भोंगा लांबला की मला ते ताटच आधी दिसायचं, कुणीच न जेवलेलं.

शेजारीण आमच्या मागून, चार दिवसांनी परतली. भावाच्या ओटीवर डास चावून घेत पडले होते सगळे. दारात येऊन म्हणाली, “नशीब काढलंत वहिनी! नवऱ्यानं आधीच जागा करून ठेवलेली. माझ्या ह्यांना मेलं पळण्यापलीकडे काही सुचत नाही.”

तिच्या मागे, समोरच्या ओट्यावर, तिचा नवरा पाय पसरून लसूण सोलत बसला होता.

“हो ना,” मी म्हटलं, आणि तिच्याकडे बघवेना म्हणून आत चहा टाकायला गेले.