बेस गिटार सांगलीत, धार आमच्या गोठ्यात

तुम्ही हसणार हे गृहीत धरूनच लिहितोय, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. लोणंदच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर अशाच रिजेक्ट करत आलो. तसं यात भूत नाहीच... एक म्हैस आहे, एक स्वस्तातली गिटार आहे आणि माझे आईवडील आहेत.

कॉलेजला साताऱ्यात असताना आमचा बँड होता, त्यात मी बेस वाजवायचो. नोकरी लागली आणि ते सुटलं. यंदा पुन्हा खाज उठली. इलेक्ट्रिक बेस घ्यायचा तर विजेवरचा अँप्लिफायर लागतो, आणि आमचं गाव फलटणच्या वाटेवर. संध्याकाळी लाइट असली तर असली. म्हणून अकूस्टिक बेस घ्यायचं ठरवलं. साध्या गिटारचा थोरला भाऊ म्हणा — मोठं पोट, चारच जाड तारा, वायरीशिवाय वाजतो. साताऱ्यात मिळेना. सांगलीतल्या एका दुकानात दोन होते.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "साहेब, आधीच सांगतो, याचा आवाज मुळात बेताचा. चार जणांत वाजवाल तर बुडून जाईल. घरी एकट्याला बास होतो." महागाचा सगळे सूर सारखे देत होता. स्वस्ताचा आवाज जरा बोदा होता, पण त्याची मान हाताला छान बसली आणि तारा मानेपासून फार उंच नव्हत्या, दाबायला सोप्या. शिवाय अंथरूण पाहून पाय पसरायचे! स्वस्ताचा घेतला. महिनाभरात आणला तर बदलून देतो, असंही तो म्हणाला.

घरी आल्यावर खोट सापडली. सगळ्यात जाड तारेवर एका ठिकाणी बोट ठेवलं की आतून घुंऽऽ असा आवाज यायचा आणि घुमतच राहायचा. बाकीचे सूर गरीब गाईसारखे, हा एकटाच दांडगा. माझ्यातला क्वालिटीवाला अस्वस्थ झाला.

माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच गोठा आहे. त्यात आईची म्हैस, बिजली. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा माझ्या आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. हिवाळ्यात बिजलीचं रेडकू गेलं आणि तिनं दूध चोरायला सुरुवात केली. आई धार काढायला बसली की लाथ. पेंड बदलून झाली, कास शेकून झाली, दृष्ट काढून झाली... कशाचा उपयोग नाही. पान्हा सुटायचं इंजेक्शन द्यायला आई तयार नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "मग इकून टाकू." ते असं म्हणाले की आई त्या दिवशी जेवायची नाही.

एका संध्याकाळी खोट नक्की कुठं आहे ते शोधायला मी तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होतो. भिंतीपलीकडून आई ओरडली, "थांबू नगंस रं! त्येच वाजव, त्येच!"

बिजलीनं पान्हा सोडला होता.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दुसरा कुठलाही सूर चालत नव्हता, तो एकच. मी म्हटलं, योगायोग. तो सूर मोबाईलवर रेकॉर्ड करून तिच्या कानाशी धरला, तर तिनं मान झटकून मोबाईल पेंडीच्या घमेल्यात उडवला. आणि माझी सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळची धार नाहीच.

शेवटी अण्णा वैतागले. "तू काय जल्मभर म्हशीफुडं वाजवत बसनार हायस? लोकास्नी काय सांगू, आमची म्हस गिटारावर दूध देती म्हनून?" सोमवारी दलाल बघायला येणार, असं ठरलं.

बेस बदलून घ्यायचा महिनाही संपत आला होता. म्हैसच जाणार तर खोट असलेलं वाद्य कशाला ठेवायचं, म्हणून रविवारी बेस पाठीवर टाकून मी सांगलीची गाडी धरली.  आईनं डबा बांधून दिला.

दुकानात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. दुकानदारानं महागाचा बेस हातात दिला. सुरेखच होता, खोट काढायला जागा नव्हती. मग तो म्हणाला, "जुन्याचं काय बिघडलंय ते दाखवा की." मी जुना मांडीवर घेऊन तो सूर वाजवला. घुंऽऽ... आणि मला एकदम आईची आठवण आली. आत्ता ती धारेला बसली असेल, आणि उद्यापासून बसायला म्हैसच नसेल. लय वाईट वाटलं हो. मी वाजवतच राहिलो. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तरी थांबलो नाही.

फोन वाजला. अण्णांच्या मोबाईलवरून आई बोलत होती.

"बास कर आता, चरवी भरली. हाका मारून दमले, ऐकंनास. भाईर ये, चा ठेवलाय. आन् कवा आलास रं तू? चपला बी दिसंनात दारात."

"आई, मी सांगलीत हाय."

"गप ए! आत्ता तर वाजवत हुतास."

तार अजून थरथरत होती. तिच्यावर तळहात ठेवून मी ती थांबवली. अंगावर काटा आला होता, पण भीती वाटली असं म्हणणार नाही... डोळे भरून आले, एवढंच. दुकानदाराला "हाच राहू दे," म्हटलं आणि निघालो.

घरी आलो तर दलालाला 'येऊ नको' म्हणून निरोप गेला होता. अण्णांनीच फोन केला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "जेव आधी."

तेव्हापासून बिजली रोज दूध देते. मी असलो की वाजवतो. नसलो तरी आवाज येतो, असं आई म्हणते. शेजारच्या काकूंना मात्र कधी काही ऐकू आलेलं नाही. एकदा सेकंड शिफ्टला जाताना मी बेस मुद्दाम कंपनीत घेऊन गेलो, तरी दूध आलं. म्हशीला सवय लागली म्हणावं, तर त्या रविवारचं काय? कंपनीतल्या मित्रांनी नाना तर्क लढवले, एकही गेजमध्ये बसला नाही. मीही आता फार खोलात जात नाही. घरात दूध आहे, आई वेळेवर जेवते, बेस वाजवला म्हणून कुणी ओरडत नाही. आणखी काय पाहिजे?

अण्णांना मात्र एकदा विचारलंच. ते बिजलीला वैरण टाकत होते.

"आवं अण्णा, त्या दिशी तुमाला बी ऐकू आलं व्हतं का?"

अण्णांनी पेंढी सोडली, पसरली, हात झटकले.

"तुज्या खोलीचं दार उघडून बघितलं मी. आवाज येतच हुता, आत कोन न्हवतं."

"मग?"

"मग काय? तुजी आई धारंला बसली हुती. दार हळूच लावून घेतलं."